नदी ओलांडून आलेले देव

परप्रांतातील मराठी कुटुंबे गोवा पाहावयास येतात, तेव्हा त्यांच्या सहलीचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. समुद्रकिनारा, जुन्या गोव्यातील चर्चे, मंगेशी आणि शांतादुर्गा, पणजीचा बाजार आणि परतीच्या दिवशी काजूगरांची खरेदी. या आराखड्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मंगेशीच्या दीपमाळेपुढे उभे राहून कोणाही मराठी माणसाचे मन भरून यावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि गेली दोन-तीन वर्षे एका गोष्टीचे मला सारखे नवल वाटत आले आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथे नवा विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि पुढील जानेवारीपासून तेथे विमाने उतरू लागली. म्हणजे आमचे पाहुणे आता प्रत्यक्ष पेडण्याच्या भूमीवर पाय ठेवतात; आणि ठेवताक्षणीच मोटारीत बसून दक्षिणेकडे निघून जातात! ज्या अंगणात उतरले, ते अंगण मात्र त्यांच्या पाहण्यात येत नाही.

मी गोव्यातलाच. डिचोली तालुक्यातील एका सरकारी शाळेत मुख्याध्यापक आहे. इतिहास आणि मराठी हे माझे शिकवण्याचे विषय. आपल्या मासिकाच्या वाचकांसाठी आमच्या भागातील प्रेक्षणीय स्थळांविषयी काही लिहावे, अशी सूचना बडोद्यास स्थायिक असलेल्या माझ्या मामेभावाने केली. त्याला आम्ही सारे दादा म्हणतो. गेल्या मार्गशीर्षात दादा, वहिनी आणि त्यांची दहा वर्षांची नात असे तिघे आमच्याकडे चार दिवस राहून गेले. त्या चार दिवसांत जे घडले तेच सांगितले, तर स्थळांचे वर्णनही होईल आणि ती का पाहावी हेही आपोआप कळेल, असे मला वाटते.

दादांचे आजोबा नोकरीनिमित्त बडोद्यास गेले आणि तिकडचेच झाले. तीन पिढ्या उलटल्या. घरात मराठी आहे, गौरी-गणपती आहेत, श्रावणी सोमवार आहेत. परंतु मूळ गाव कोणते, याचा धागा मात्र मध्येच कोठेतरी तुटला. शिल्लक राहिले ते एक नाव. देवापुढे नारळ ठेवताना दादांचे वडील ‘सप्तकोटेश्वरा, सांभाळ’ एवढे दोन शब्द उच्चारीत. पहिल्याच रात्री जेवणे आटोपल्यावर दादा मला म्हणाले, “अरे, बाकी तू काय दाखवशील ते दाखव. मला एवढेच सांग, हा आमचा सप्तकोटेश्वर मूळचा कुठला? एकजण म्हणतो बेटावरचा, दुसरा म्हणतो डिचोलीचा. सत्तरी आली, अजून आपल्या देवाचा पत्ता ठाऊक नाही!”

दादा हसत हसत बोलले खरे. पण वहिनींनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा या हसण्यामागे काय आहे ते मला उमगले.

जुन्या आणि नव्या काबिजादी

आमच्या भागातील देवळे समजून घ्यावयाची, तर आधी नकाशा समजून घ्यावा लागतो. पोर्तुगीजांनी गोवा घेतला म्हणजे आजचा संपूर्ण गोवा एका दिवसात घेतला, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः १५१० मध्ये त्यांच्या हाती आली ती तिसवाडी, म्हणजे मांडवी-जुवारीच्या मधला मुलूख आणि त्यालगतची दिवाडी, चोडण यांसारखी बेटे. बारदेश आणि साष्टी हे प्रांत त्यांना १५४३ मध्ये मिळाले. या जुन्या मुलखाला आमच्याकडे ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. डिचोली, पेडणे, फोंडा इत्यादी तालुके त्यांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकात. पेडणे तर १७८८ मध्ये. या ‘नव्या काबिजादी’.

या दोन्हींमधील सुमारे अडीच शतकांचे अंतर हीच आमच्या मंदिरांच्या इतिहासाची किल्ली आहे. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतील देवळे पाडण्यात आली, तेव्हा तेथील लोकांनी आपले देव उचलले आणि रात्रीच्या अंधारात नदीपलीकडे नेले. पलीकडे दुसरे राज्य होते. तिसवाडीच्या उत्तरेस नदी ओलांडली की डिचोली, बारदेशच्या उत्तरेस ओलांडली की पेडणे. नव्या काबिजादी पुढे पोर्तुगीजांकडे गेल्या, तोवर काळ पालटला होता. तेथील देवळांना त्यांनी हात लावला नाही. म्हणून आमच्या तालुक्यांत आपण जे देऊळ पाहतो, त्याविषयी एक प्रश्न नेहमी विचारावा : हा देव येथलाच, की आलेला?

पेडणे

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेडण्यास निघालो. मोप्याहून राष्ट्रीय महामार्गाकडे येताना धारगळ लागते. येथील शांतादुर्गा मूळची बारदेशातील सांगोल्ड्याची. तेथून ती येथे आली आणि येथेच स्थिरावली. सांगोल्डे आज मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पण त्या काळी हे अंतर दोन राज्यांमधील होते, हे मी दादांच्या नातीला सांगितले. ती चौकस मुलगी. तिने वहीत दोन वर्तुळे काढली, मध्ये नदीची रेघ ओढली आणि एका वर्तुळातून दुसऱ्यात बाण दाखविला. पुढे चार दिवसांत ती वही अशा बाणांनी भरून गेली.

पेडण्याच्या बाजारपेठेत श्रीभगवतीचे देऊळ आहे. प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांस दोन भव्य हत्ती उभे आहेत. आत अष्टभुजा देवी. येथील दसरा आणि त्यानंतरची कोजागिरी, जिला आम्ही ‘पेडण्याची पुनव’ म्हणतो, ती सबंध गोव्यात प्रसिद्ध आहे. रंगीत वस्त्रांनी सजविलेली तरंगे त्या वेळी निघतात आणि रवळनाथ-भूतनाथाच्या या उत्सवाला दक्षिण कोकणातूनही माणसे लोटतात. ज्यांना गर्दीचे भय नाही, त्यांनी तो उत्सव एकदा अवश्य पाहावा. ज्यांना निवांतपणा हवा, त्यांनी आम्ही गेलो तसे एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जावे.

दुपारी केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडून आम्ही तेरेखोलच्या किल्ल्यावर गेलो. गोव्याचा हा चिमुकला तुकडा नदीच्या उत्तर तीरावर आहे आणि जमिनीने महाराष्ट्राला जोडलेला आहे. किल्ला बांधला वाडीच्या सावंत-भोसल्यांनी, सतराव्या शतकात. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी जिंकला आणि आत संत अँटनीचे चर्च उभारले. याच मोहिमेत पेडण्यातील हळर्णचा किल्लाही पडला. त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला जी सरदारकीची पदवी मिळाली ती ‘मार्किस ऑफ अलोर्ना’. अलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण! शापोरा नदीकाठचे एक लहानसे गाव अशा रीतीने लिस्बनच्या दरबारी जाऊन बसले.

तेरेखोलला मला स्वतःला एका वेगळ्याच कारणासाठी जावेसे वाटते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला होता. पुढच्या वर्षी त्याच दिवशी येथील सत्याग्रहात पनवेलचे हिरवे गुरुजी गोळीला बळी पडले. ते शिक्षक होते. तेरेखोलपासून थोड्याच अंतरावर शिरोडे. तेथील शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षे मुले शिकविली. तटावर उभे राहून समुद्राकडे पाहताना या दोन शिक्षकांची आठवण मला नेहमी होते. त्या दिवशीही झाली. शिक्षकाच्या नोकरीत पगार, बदल्या आणि तपासणी यांखेरीज आणखीही काही असू शकते, याची तेथे जाणीव होते.

डिचोली

तिसऱ्या दिवशी डिचोली. साखळी गावापासून जवळच हरवळे येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना ‘पांडवांची लेणी’ म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतील असावीत. एका रांगेत पाच दालने आणि आत शिवलिंगे. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला ही लेणी अगदीच साधी वाटतील. पण जांभा हा सच्छिद्र, ठिसूळ दगड. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. तरीही तेरा-चौदाशे वर्षे ही दालने उभी आहेत. शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आणि धबधबा. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज देवळात घुमतो. मार्गशीर्षात त्याची धार बारीक झालेली होती, पण पाय बुडविण्यापुरते पाणी होते आणि वहिनींना तेवढे पुरले.

डिचोली शहरात नमाजगाह म्हणून एक जुनी वास्तू आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८३ च्या सुमारास छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाने या भागात होता. त्याच्याशी परंपरेने या वास्तूचा संबंध जोडला जातो. पुढे मये गाव आणि त्याचे तळे. चोडण बेटावरील देवकीकृष्ण प्रथम या मये गावी आला आणि तेथून पुढे माशेलला गेला. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी, अशी ती मूर्ती आहे. वहिनी म्हणाल्या, “मूल कडेवर घेऊन निघालेली आई म्हणजे आणखी काय हवं? निघताना तशीच निघाली असेल.” मी इतकी वर्षे ही हकीकत मुलांना सांगत आलो आहे. पण हे मला कधी सुचले नव्हते.

मयेहून पुढे नार्वे. झाडीतून उतरत जाणारा रस्ता अकस्मात मोकळा होतो आणि समोर दीपस्तंभ व त्यामागे सप्तकोटेश्वराचे देऊळ दिसते. देऊळ उंच नाही. कौलारू उतरती छपरे, मध्ये अष्टकोनी बैठकीवर बसविलेला बेताचा घुमट. फोंड्याकडील देवळांचा थाटमाट येथे नाही. आणि तो नाही हेच बरे, असे येथे आल्यावर वाटते. भोवती दाट झाडी, जवळच काळभैरवाचे स्थान आणि जांभ्यातच कोरलेली जुनी लेणी.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर या देवाचे नाव आढळते. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा जिंकून देवाची पुन्हा स्थापना केली. १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते देऊळ पुन्हा पाडले. परंपरा असे सांगते, की ते लिंग पुढे एका विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले गेले होते आणि डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते तेथून सोडवून नदीपार आणले. लिंगाला पैलू आहेत, म्हणून त्याला ‘धारलिंग’ म्हणतात. विहिरीच्या दोराचे घर्षण ज्याने सोसले, त्या दगडावर आज दुधाची धार धरली जाते.

नार्व्याला देव आला, पण त्याला साजेसे देऊळ लाभले ते सुमारे शंभर वर्षांनी. शिवाजी महाराज या प्रांती आले असता त्यांनी देवाची अवस्था पाहिली आणि शके १५९० च्या कार्तिकात, म्हणजे इसवी सन १६६८ मध्ये, देवालयाच्या बांधकामास प्रारंभ करविला. तसा संस्कृत शिलालेख दरवाजावर आहे. मी मुलांना नेहमी एक गोष्ट लक्षात आणून देतो. त्या लेखात ‘छत्रपती’ हा शब्द नाही. असणार कसा? राज्याभिषेकाला अद्याप सहा वर्षे अवकाश होता. सिंहासन नव्हते तेव्हाच, स्वतःच्या कुलदैवताचे नसलेले, एका आश्रित देवाचे देऊळ त्यांनी बांधावयास घेतले.

अलीकडे गोवा शासनाने या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते पुन्हा भक्तांसाठी खुले झाले. जुना घाट, दीपस्तंभ आणि शिलालेख जागच्या जागी आहेत.

दादा गाभाऱ्यासमोर बसले. भटजींनी संकल्पासाठी गोत्र विचारले. ते दादांनी सांगितले. “गाव?” भटजींनी विचारले. दादा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बडोदे.” भटजींनी मान हलविली आणि कसलाही प्रश्न न करता संकल्पात बडोद्याचे नाव घातले. अभिषेक संपेपर्यंत दादांनी डोळे उघडले नाहीत.

बेटावर

येथवर सारे माझ्या योजनेप्रमाणे चालले होते. देवळाबाहेर आल्यावर दादांच्या नातीने वही उघडून मला विचारले, “मास्तरआजोबा, देव इकडे आला. पण बाण जिथून निघाला ते वर्तुळ कुठे आहे? ते आपण पाहायचं नाही का?”

मला संकोच वाटला. नार्व्याचे देऊळ मी कितीदा पाहिले असेन, याची गणती नाही. नदीपलीकडच्या मूळ स्थानी मात्र मी शाळेतल्या दिवसांनंतर गेलो नव्हतो. नार्व्याच्या धक्क्यावर आम्ही फेरीबोटीत चढलो. मांडवीचे पात्र ओलांडावयास काही मिनिटे पुरतात. पलीकडच्या वस्तीचे नावही नार्वेच. देव गेला, तरी दोन्ही तीरांवर नाव एकच राहिले.

दिवाडी हे मांडवीच्या पात्रातील हिरवेगार बेट. खाजन शेते, नारळ-आंब्यांची दाटी, ओसरी-बाल्कांवांची जुनी घरे आणि मधोमध टेकडीवर पिएदादचे चर्च. ऑगस्टमध्ये येथे ‘बोंदेरां’ नावाचा निशाणांचा उत्सव होतो. जुन्या काळी वाड्यावाड्यांत हद्दींवरून जी भांडणे होत, त्यांची ती गमतीदार आठवण. येथील वस्ती प्रामुख्याने ख्रिस्ती. आम्ही वाट विचारीत होतो, तेव्हा एका घराच्या बाल्कांवावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली, “खंयचे तुमी?” मी सांगितले. त्यांनी दादांकडे, वहिनींच्या हातातल्या फुलांच्या पुडीकडे पाहिले आणि विचारले, “तुमी त्या देवाचे मनीस?” मी होय म्हटले. त्या उठल्या, पायात चपला सरकविल्या आणि काठी टेकीत वळणापर्यंत आमच्याबरोबर आल्या. “थंय तळी आसा,” एवढे बोलून हात दाखवून परतल्या.

ती तळी म्हणजे कोटितीर्थ. जांभ्या दगडाने बांधलेले जुने तळे, कडेच्या भिंतींत देवळ्या आणि त्या साऱ्या रिकाम्या. देऊळ तेथे नाही. आहे ते एवढेच : पाणी, दगड आणि रिकामे कोनाडे. दादा पायऱ्यांवर बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, मला वाटत होतं, आमचंच कुटुंब गाव सोडून गेलं. इथं तर देवानंच गाव सोडलं.”

परतताना आम्ही टेकडीवरच्या चर्चकडे गेलो. तेथील दफनभूमीतील लहानशा चॅपेलमध्ये कदंबकालीन कोरीव दगडी कामाचा भाग आजही शाबूत आहे. देवळाचा दगड, ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या छपराखाली सुरक्षित राहिलेला. इतिहास शिकविणाऱ्याने येथे सावध राहावे लागते. ज्यांनी देऊळ पाडले ते वेगळे आणि ज्या बाई आम्हाला तळी दाखविण्यासाठी काठी टेकीत आल्या त्या वेगळ्या. त्यांचेही पूर्वज बहुधा त्याच देवाचे मनीस होते. कोणी देवाबरोबर नदी ओलांडली, कोणी शेताबरोबर राहिले. चारशेहून अधिक वर्षांनंतर त्यांना तळीची वाट ठाऊक आहे.

एक कबुली

त्या रात्री मी दादांना एक गोष्ट सांगितली. ती येथेही सांगितली पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे केवळ दुसऱ्यांना केलेला उपदेश होईल.

आमच्या स्वतःच्या गावातील देवळाला पूर्वी लाकडी सभामंडप होता. खांब फणसाचे, तुळयांवर वेलबुट्टी, वर कौले. सुमारे वीस वर्षांपूर्वी गावाने ठरविले की मंडप जुना झाला, पाऊस गळतो, नवा सिमेंटचा घालावा. बैठक झाली. शिकलेला माणूस म्हणून माझे मत विचारण्यात आले. खांब बदलल्याविना दुरुस्ती होऊ शकेल, हे मला दिसत होते. पण बोलून विरोध ओढवून घ्यावा, असे वाटले नाही. गाव एकमताने बोलत आहे, आपण अपशकून का करावा? ठरावावर मीही सही केली. खांब वखारीत गेले. आज तेथे गुळगुळीत लाद्या आहेत, पावसाचा थेंब गळत नाही. आणि मंडप कसा होता हे माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावयास माझ्याकडे काही नाही. आहे ते एक छायाचित्र, शाळेच्या एका जुन्या संमेलनाचे. त्यात मुलांच्या पाठीमागे दीड खांब दिसतो.

आमची देवळे पाडावयास आता कोणा परकीयाची गरज उरलेली नाही. गावोगाव, अतिशय भक्तिभावाने, वर्गणी काढून आम्हीच ते काम करतो. नार्व्याचे देऊळ जुन्या रूपात राखता आले, ते इतरत्रही राखता येईल. पण त्यासाठी बैठकीत एखाद्याने तोंड उघडले पाहिजे. मी उघडले नाही.

दादांनी ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि नातीला म्हणाले, “हे तुझ्या वहीत काढून घे.” तिने ते दीड खांब मन लावून काढले.

येणाऱ्यांसाठी

आता थोडे व्यवहाराचे. ज्या कुटुंबांना असा प्रवास करावयाचा आहे, त्यांनी पेडण्यास एक दिवस, डिचोलीस एक दिवस आणि दिवाडी बेटास अर्धा दिवस ठेवावा. मोपा विमानतळ पेडण्यातच आहे आणि कोकण रेल्वेचे पेडणे व थिवी हे थांबे सोयीचे आहेत. दिवाडीस जुन्या गोव्याकडूनही फेरीबोट आहे. पण शक्य तर नार्व्याकडून जावे. देव ज्या पात्रातून आला, ते पात्र आपणही ओलांडावे. बहुतेक मोठ्या देवस्थानांत अग्रशाळा असतात, म्हणजे भक्तांच्या उतरण्याच्या खोल्या. आधी चौकशी करावी.

दुसरी गोष्ट. गोव्यातील देवस्थानांचा कारभार महाजनांकडे असतो. त्यासाठी पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली झालेला कायदा आजही लागू आहे. महाजनांच्या यादीत आपल्या घराण्याचे नाव नसले, तर कारभारात मत देता येत नाही. दर्शनाला आणि अभिषेकाला मात्र त्याने बाध येत नाही. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून कोणी मन लहान करून घेऊ नये.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निघण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि कुलदैवत, गोत्र, मूळ गाव, पणजोबांचे नाव, जे जे आठवेल ते ते एका वहीत उतरून घ्यावे. नंतर हे सांगणारे माणूस राहत नाही. दादांचे वडील गेले, तेव्हा ते दोन शब्द तेवढे मागे राहिले. त्या दोन शब्दांवर आम्ही येथवर आलो. आणखी चार शब्द विचारून ठेवले असते, तर बरे झाले असते, असे दादा निघताना म्हणाले.

बडोद्यास पोचल्यावर त्यांनी आपल्या नव्वदीतल्या आत्याबाईंना गाठले. दोन बैठकांत त्यांनी सहा पूर्वजांची नावे सांगितली आणि एका गावाचेही नाव घेतले. ते डिचोली तालुक्यातीलच आहे. सध्या मी जुन्या कागदपत्रांत त्याचा शोध घेत आहे. यंदाच्या गोकुळाष्टमीला दादा पुन्हा यावयाचे आहेत. नातीने तर कळविले आहे की, वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत.